सांगोल्याचं जहाज

५ मार्च १९७४, मंगळवार

आज मला सोलापुरात जहाज सापडलं. थट्टा नाही. मंगळवार बाजारात, मौलालीच्या गोणपाटावर.

मौलालीचा मोडीचा धंदा. गावोगावची तांब्या-पितळेची मोडतोड वजनावर घ्यायची आणि इथं पसरून बसायचं. मी दर मंगळवारी दुकान अर्धवेळ बंद ठेवून त्याच्याकडं घड्याळाची जुनी चाकं शोधायला जातो. आज ढिगात हात घातला आणि बोटाला पिन टोचली. मी चांगलाच ओरडलो.

"क्या जी रेवनभाई, बिच्छू काटा क्या?" मौलाली म्हणाला.

विंचू कसला! बिल्ला होता. पितळी, जुन्या रुपयापेक्षा थोडा मोठा. मधोमध जहाज, खाली हातोडा, कडेनं देवनागरी अक्षरं. जहाजावर आणि अक्षरांत लाल मिना, म्हणजे भाजून बसवलेला काचेचा रंग, भरलेला, इतका दाट की "जहाज", "कामगार" आणि "मुंबई" एवढंच कसंबसं वाचता आलं. मुंबईत जहाजं बांधणाऱ्या कामगारांच्या युनियनचा बिल्ला! मी तो उन्हाकडं धरून उलटसुलट बघत राहिलो. मौलालीनं ते पाहिलं आणि लबाडानं लगेच भाव वाढवला. दिला मी.

बिल्ला दुकानात ठेवून घरी येऊन सांगितलं, तर शिवगंगा म्हणाली, "आणलं का आणखी एक? नळाला पाण्याचा ठिपूस नाही आणि आमच्या घरात ही जहाजं!" बायकोला मिना कळत नाही.

६ मार्च, बुधवार

दिवसभर गिऱ्हाइकांना उद्या या म्हणून सांगितलं आणि डोळ्याला भिंग लावून बिल्ला बघत बसलो.

मी कधी समुद्र पाहिलेला नाही. माणसं हसतात की, समुद्र न बघता जहाजवाल्यांचे बिल्ले कसले जमवतोस. हसू देत. हा नाद मला फिरोजशांनी लावला. मुंबईचे पारशी गृहस्थ, जहाजावरचे इंजिनिअर, आता निवृत्त. त्यांचं जहाजावरचं घड्याळ मुंबईत कुणाला चालू करता आलं नाही, ते मी सोलापुरात बसून चालू केलं. खूश होऊन त्यांनी मजुरीबरोबर एक बिल्ला पाठवला, विलायतेतल्या कुठल्याशा जहाज बांधणाऱ्या कामगारांचा. त्यावर एवढंसं जहाज, आणि त्याची एकेक दोरी कोरलेली. ज्या कुणी ते केलं त्याचा हात माझ्यासारखा होता. तेव्हापासून मी अडकलो तो अडकलोच. आता माझ्याकडं डबाभर आहेत, सगळे टपालानं आलेले.

पण हा मराठी आहे! आणि आपल्या मुलखात सापडलेला. लाल मिन्यात एका कोपऱ्यात पिवळसर झाक आहे. डोलकाठीजवळ एक बारीक पांढरा ठिपका आहे, लांबट. बहुतेक शिडासाठी पांढरा मिना भरला असावा. केवढी कलाकुसर! पण हा सोलापुरापर्यंत आला कसा? हेच डोक्यात फिरतंय.

१९ मार्च, मंगळवार

फिरोजशांचं पत्र. अक्षर थरथरतंय, म्हातारपणानं नव्हे, आनंदानं. म्हणतात, ही युनियन जेमतेम दोन-तीन वर्षं टिकली, पन्नास वर्षांत त्यांनी तिचा बिल्ला फक्त ऐकला, पाहिला नाही. आणि लाल मिन्याचा तर कुणी ऐकलासुद्धा नाही. "रेवन, पाणी लावू नको, चिंच लावू नको, घासू नको, पुसू नको. बदल्यात स्कॉटलंडच्या रिवेटवाल्यांचा बिल्ला देतो, आणि वर तू मागशील तो."

स्कॉटलंडचा! त्याचा फोटो त्यांनी मला मागेच पाठवला होता. मी तो दुकानात सिद्धेश्वराच्या तसबिरीखाली लावलाय.

शेवटी त्यांनी लिहिलंय, बिल्ला कुणाचा होता ते शोध, म्हणजे त्याची किंमत दुप्पट होईल. ते त्यांनी लिहायलाच नको होतं. शोधल्याशिवाय मला थोडीच चैन पडणार आहे?

२ एप्रिल, मंगळवार

मौलालीला चहा पाजला, भजी चारली. मग त्याला आठवलं. तो माल सांगोल्याच्या एका सोनाराकडचा.

सांगोला! जिथं दुष्काळात माणसं टँकरच्या मागं घागरी घेऊन पळत होती, तिथून जहाज आलं. मी तर हसतच सुटलो. मौलाली म्हणाला, "इसमें हसने का क्या है जी? मेरे पास तो एक बार तोफ का गोला आया था." त्याचं काही खरं नसतं.

२१ एप्रिल, रविवार

एस.टी.नं सांगोल्याला जाऊन आलो. सगळं नीट लिहून ठेवतो, फिरोजशांना कळवायचंय.

सोनार सापडला. बिल्ल्याचं नाव काढताच त्याचं तोंड उतरलं. आधी म्हणाला आठवत नाही. मग म्हणाला, "एका घरचे देव उजळायला आले होते, त्यांच्या पिशवीत होता. बाकी सगळे चांदीचे टाक, हे एकच पितळ, तेही पिनेचं. देव कुठं पिनेचा असतो होय? काढून मोडीत टाकला." आमच्या घरात टाक नाहीत, पण माहीत आहेत. चांदीच्या पत्र्यावर देव ठोकून देव्हाऱ्यात बसवतात, लग्नकार्याआधी सोनाराकडून लखलखीत करून आणतात. घरातल्या पोरानं खेळता खेळता बिल्ला त्या पिशवीत टाकला असणार. पोरं काय, कुठंही काहीही टाकतात.

सोनारानं ते देव घेऊन आलेल्या कुंडलिकची वस्ती कुठं ते सांगितलं आणि वर म्हणाला, "माझं नाव नका काढू." का, ते मी विचारलं नाही. सोनारांचं आपलं काहीतरी असतंच.

वस्ती गावापासून लांब. डाळिंबाची झाडं, शेळ्या, दोन खोल्या, दारात मांडवाचे बांबू येऊन पडलेले. कुंडलिक तिशीचा. मुंबईच्या जहाजांबद्दल विचारायला आलोय म्हणताच तो चपापला, पण त्याची आई आतून म्हणाली, "कोन जहाजाचं नाव काढतंय? आत येऊ दे की त्येला."

ती रंभाबाई. पासष्टीची, कपाळ मोकळं, नजर सुईसारखी. मी विचारलं, घरात कुणी जहाजाच्या कामावर होतं का?

"आमचं मालक. धोंडीराम. जहाज बांदायच्या कारखान्यात तापल्यालं रिवेट ठोकायचं. ह्यो कुंडलिक तानता हुता तवा गेलं. उंच परांचीवर हुतं, पाय निसटला, जहाजाच्या आन् भितीच्या मदी पान्यात पडलं. घावलं न्हाईत. मुंबईला मानूस बुडंल एवडं पानी, आन् आमच्यात प्यायला न्हाय. काय म्हनावं देवाला!"

मी खिशातल्या बिल्ल्यावर हात ठेवून बसलो होतो. त्याच माणसाचा! दुसऱ्या कुणाचा असणार? मालकाचं नाव, काम, सगळं हाती लागलं. बाहेर काढून दाखवावा असं फार वाटलं. नाही काढला. दाखवला तर मागतील. हे मी इथं स्पष्ट लिहितो, कारण ही वही माझ्याशिवाय कुणी वाचत नाही.

म्हातारीचं मात्र डोकं जरा फिरलंय. घरात कुंडलिकच्या पुतणीचं लग्न आहे, चांगुणाचं. तिचे आई-बाप नाहीत, आजीनंच वाढवलंय. नवरा मोहोळचा. वैशाखात, सोळा मेला लग्न. त्याआधी घरात देवदेव करायचा, आणि त्याचा पहिला दिवा घरातल्या थोरल्या बाईनं लावायचा, ही त्यांची रीत. म्हातारी म्हणते, मी लावणार नाही.

"मालक जागंवर येईस्तवर म्या दिव्याला हात लावायची न्हाय."

तीस वर्षांमागं बुडालेला माणूस जागेवर कसा येणार? मी कुंडलिककडं पाहिलं. तो जमिनीकडं बघत होता.

म्हातारीनं मला देव्हारा दाखवला. सगळे टाक लखलखत होते. त्यातल्या एकाकडं बोट करून म्हणाली, "आन् ह्यो कोन पाव्हना आनून बसिवलाय, मला म्हाईत न्हाय." चांदीचाच टाक होता, घोड्यावर बसलेला वीर. कोरा करकरीत, छान होता. म्हाताऱ्या माणसांना नवीन काही खपत नाही, आमची आईही अशीच होती.

चहा चांगुणानं दिला. हळूच म्हणाली, "काका, आजीला तुमी तरी समजवा की. मोहोळची मानसं म्हनायला लागली, ज्या घरात देवच बसंनात तितनं पोरगी नको." पोर रडवेली झाली होती. मी काय समजावणार? मला जहाजातलं कळतं.

कुंडलिक एस.टी.पर्यंत सोडायला आला. म्हणाला, "आईचं मनावर घिऊ नका. देव उजळून आनल्यापास्नं तिचं बिनसलंय. मुंबईच्या जहाजाचं नाव परत घरात काडू नका." मी बरं म्हणालो. माझं मन कधीच फिरोजशांच्या पत्रात गुंतलं होतं.

२९ एप्रिल, सोमवार

फिरोजशांना सविस्तर कळवलं होतं, त्याचं उत्तर आलं. ते स्वतः येतायत! दहा मेला सकाळच्या गाडीनं. स्कॉटलंडचा बरोबर आणतायत. सांगोल्यालाही जायचं म्हणतात, "त्या धोंडीरामच्या घरी आणखी काय काय असेल, रेवन! फोटो, टोपी, हातोडा. मागेल ते देऊन उचलू."

दुकानाला चुना मारायला काढलाय. शिवगंगा म्हणते, मुलीला बघायला पाहुणे आले तेव्हा सुद्धा मारला नव्हता.

८ मे, बुधवार

घ्या! रेल्वेचा संप. सगळ्या देशातल्या गाड्या बंद. स्टेशनवर चिटपाखरू नाही, नुसते पोलीस. जन्मभर युनियनचे बिल्ले जमवले, आणि शेवटी युनियननंच माझा पाहुणा अडवला. मौलाली हे ऐकून इतका हसला की त्याला ठसका लागला.

फिरोजशांची तार आली. पुतण्याची मोटार घेऊन येतायत, चौदाला दुपारी पोचतो. या वयात!

११ मे, शनिवार

हे आज लिहू नये असं वाटतंय, पण लिहितो.

फिरोजशांना दाखवायला बिल्ला कशात ठेवावा म्हणून मी तो प्रथमच घरी आणला. सांगोल्याची खेप सोडली तर इतके दिवस दुकानातल्या कपाटातच होता. शिवगंगा भाकरी थापत होती. म्हणाली, बघू तरी कशापायी चुना मारला. मी म्हणालो, ओला हात लावू नको. तोवर तिनं उचलला होता.

तिनं नुसता पाहिला, जवळ नेला, वास घेतला. मग अंगठा फिरवला आणि तो माझ्यापुढं धरला. अंगठा लाल झाला होता.

"अहो, हे कुंकू आहे."

"मिना आहे तो," मी म्हणालो.

"मिना? जन्मभर हेच लावते मी. तेल आणि कुंकू, दिव्याच्या काजळीनं घट्ट झालंय. ही हळद. अहो, कुणाचातरी देव उचलून आणलाय तुम्ही."

मी तिच्या अंगावर ओरडलो. तुला काय कळतं, पन्नास वर्षं जहाजात घालवलेला माणूस त्यासाठी मोटार घेऊन येतोय, असं बरंच काही बोललो. तिनं तवा उतरवला आणि हात धुवायला गेली.

मी दिव्याखाली भिंग लावलं. ते शीड. तो पांढरा मिना. सिद्धरामेश्वरा! ती अक्षता होती, तांदळाचा दाणा. आख्खा. मी, अर्ध्या सोलापूरची घड्याळं ज्याच्या हातात डोळे मिटून देतात तो, तांदळाच्या दाण्याला शीड म्हणत दोन महिने नाचत होतो.

मग एकेक आठवत गेलं. टाक नुसते देवांचे नसतात, घरातल्या गेलेल्या माणसाचाही करून बसवतात. देवांच्या पिशवीत आलेला. सोनाराचं उतरलेलं तोंड. तो नवा चांदीचा पाहुणा. सोनारानं चूक झाकायला वीर करून दिला असणार आणि कुंडलिकनं तो मुकाट्यानं आईपुढं ठेवला असणार. आणि ती बाई मला माझ्या तोंडावर सांगत होती, मालक जागेवर नाहीत. ते माझ्या खिशात होते. आणि मी तिला वेडी ठरवून तिचा चहा पिऊन आलो. लाज वाटली. फार लाज वाटली.

१२ मे, रविवार

पण खरं सांगू का? सकाळी उठलो तेव्हा लाज कमी झाली होती.

मी मोडीत पडलेली वस्तू विकत घेतली, चोरली नाही. त्यांच्याकडं आता चांदीचा आहे. कुंडलिकला तोच हवाय. म्हातारी आज ना उद्या ऐकेल. फिरोजशांकडं हा बिल्ला काचेच्या कपाटात राहील, धोंडीरामचं नाव खाली लिहिलं जाईल. सांगोल्यात कुणाला कळणार की हा किती दुर्मीळ आहे? आणि स्कॉटलंडचा. दहा वर्षं मी त्याचा फोटो बघतोय.

जेवताना हे सगळं शिवगंगाला ऐकवलं. तिनं आमटी वाढली.

"माझ्या मागं तुमचं भिंग राहिलं तर मी कुठं ठेवीन सांगू?" ती म्हणाली.

"कुठं?"

"ते जाऊ द्या. पण कुणी त्याच्या जागी सोन्याचं आणून ठेवलं, तर त्याच्या डोक्यात घालीन." आणि उठून गेली.

मोठी आली डोक्यात घालणारी. मला जेवण गेलं नाही.

१४ मे, मंगळवार

सकाळची पहिली एस.टी. पकडली. संपामुळं बसला ही गर्दी, टपावर सुद्धा माणसं. फिरोजशा दुपारी येणार, त्यांना काय सांगायचं ते शिवगंगाला सांगितलं नाही, कारण मलाच ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "त्यांना जेवायला घालते. जा तुम्ही." बिल्ला तिच्या धुवट रुमालात बांधून वरच्या खिशात ठेवला.

वस्तीवर मांडव उभा होता पण गडबड नव्हती. बायका ओसरीवर गप्प बसलेल्या. आजच देवदेव, आणि म्हातारी चुलीपाशी तोंड फिरवून बसली होती. मोहोळहून दोन माणसं आली होती, ती कुंडलिकला बाजूला घेऊन बोलत होती. चांगुणा दाराआड. डोळे सुजलेले.

कुंडलिक मला बघताच धावत आला. "आत्ता नगं. पाया पडतो, आत्ता नगं."

मी त्याला ओलांडून आत गेलो. रुमाल सोडला आणि तिच्यापुढं धरला. मनात बरंच ठरवून ठेवलं होतं, माफी कशी मागायची वगैरे. तोंडातून एवढंच आलं, "माझ्याकडं होते. दोन महिने. मला कळलं नाही."

रंभाबाईनं पाहिलं. हात पुढं केला नाही. आधी पदर डोक्यावरून नीट ओढून घेतला, माझ्या आईनं वडील घरात आल्यावर घेतला असता तसा. मग दोन्ही हातांत घेतला.

"लई फिरवलं व्हय तुमास्नी," ती बिल्ल्याला म्हणाली. आणि मग ती रडली. मोठ्यांदा, लहान पोरासारखी. तीस वर्षांचं असावं ते. मीही रडलो, मला त्याची लाज नाही.

थोड्या वेळानं सावरून मला बसायला पाट दिला. सांगितलं, मालक बुडाल्यावर बरोबरचा एक कामगार हा बिल्ला घेऊन आला. कामावर चढताना पिन टोचते म्हणून ते तो काढून त्याच्याकडं द्यायचे. दुसरं काहीच आलं नाही, ना हाड ना राख. तेव्हाही सोनार चांदीचा वीर करतो म्हणाला होता. "म्या म्हनलं, माझा मानूस कवा घोड्यावर बसला न्हाय. ह्यो त्येच्या छातीवर हुता, ह्योच बसवा."

कुंडलिक खांबाला टेकून ऐकत होता. सोनाराच्या त्या टाकावरून तिनं त्याला जाब विचारला नाही. एवढंच म्हणाली, "बापाला वळखत न्हाईस, तुझा तरी काय दोष. तू बघितलाच न्हाईस." तो बाहेर निघून गेला.

मग तिनं दिवा लावला. बायकांना एकदम कंठ फुटला, ओसरीवर जात्याची पूजा, हळकुंडं, सगळी धांदल. चांगुणाला देव्हाऱ्यापुढं बसवलं. म्हातारीनं बिल्ला तिच्या हातात दिला आणि चित्रावर बोट ठेवलं.

"आज्ज्याचा पाळना बघ ह्यो. दोन बाजूला दोन खांब, मदी दोऱ्या, खाली पाळना. तुझ्या चुलत्याच्या बारशाला आलं हुतं तवा दावला मला. आता तुझ्या घरात हालू दे."

मी दचकलो. डोलकाठ्या त्या! दोन डोलकाठ्या, शिडाचे दोर, आणि खाली जहाजाचा तळ. तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात म्हातारी माझ्याकडं वळली. "लोक म्हनत्यात जहाज हाय. म्या काय जहाज बघितलं न्हाय. तुमी भिंगवालं, तुमी सांगा की."

सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. मी खिशातलं भिंग काढलं, डोळ्याला लावलं, वाकून बराच वेळ पाहिलं.

"पाळणाच आहे," मी म्हणालो.

जेवण करूनच सोडलं. पानावर मी मुंबईच्या फिरोजशांचं, ते बिल्ल्यासाठी मोटार घेऊन आल्याचंही बोलून गेलो. एस.टी.च्या फाट्यावर कुंडलिक आला. खालमानेनं म्हणाला, चूक झाली, आईला तोंड कसं दाखवू. मी म्हणालो, दाखव, तीच बघेल. मग म्हणाला, "त्ये मुंबईचं सायेब कुठं उतरनार हायती? लगीन झाल्यावर जरा भेटलो असतो. कर्ज लई झालंय. आईच्या मागं त्ये तितं ठिवून तरी काय करायचं?"

बस आली. मी ऐकलं नाहीसं केलं आणि चढलो. पण सबंध रस्ताभर तेच कानात.

१५ मे, बुधवार

फिरोजशा काल दुपारीच आले होते. शिवगंगानं त्यांना भाकरी, शेंगाचटणी, दही वाढलं, ते खुशीत हॉटेलवर झोपायला गेले. आज सकाळी चुना मारलेल्या दुकानात माझ्या स्टुलावर येऊन बसले. सत्तर पार केलेला, पांढरा कोट घातलेला माणूस. दीडशे कोस उन्हातून आलेला. पहिल्यांदाच समोरासमोर भेटत होतो. त्यांनी खिशातून मखमलीची डबी काढून उघडली.

स्कॉटलंडचा. फोटोत कळत नव्हतं, त्यातल्या प्रत्येक रिवेटचं डोकं वेगळं उठवलेलं आहे.

"चाल डिकरा, काढ तुझं लाल जहाज," ते म्हणाले. "आणि मग मोटारीत बस. सांगोला. उद्या लग्न छे ना? घरात पैशाची गरज असेल, हाच टाइम असतो."

खरं सांगितलं असतं तर ते गेलेच असते. ते वाईट नाहीत, पण ते माझ्यासारखेच आहेत. आणि कुंडलिक फाट्यावर उभाच आहे.

"फिरोजशा," मी म्हणालो, "माझी चूक झाली. जहाजवाल्यांचा बिल्ला नव्हता तो."

"म्हणजे?"

"मिना नव्हता, नुसतं कुंकू. धुतल्यावर खालचं चित्र नीट दिसलं. बाळाचा पाळणा होता. कुठल्याशा बाळंतिणींच्या दवाखान्याचा बिल्ला. देऊन टाकला मी मोडीत परत."

ते स्टुलावरून उठले. "तू मला लिहिलंस. जहाज, कामगार, मुंबई. वाचलंस तू, भिंगातून!"

"वाटलं तसं."

"आणि तो धोंडीराम?"

"तो कुणी दुसराच. त्या घरात काही नाही. मी बघून आलो."

मग ते भडकले. जन्मात मला कुणी बोललं नसेल ते बोलले. पाळणा आणि जहाज कळत नाही, आणि माणूस घड्याळं उघडतो! या गाढवाच्या भरवशावर मी मोटार घेऊन आलो! शेजारचा शिंपी कात्री हातात धरून ऐकत होता, चहाचा पोऱ्या थांबला होता. मी मान खाली घालून चूक झाली, चूक झाली म्हणत राहिलो. डबी मिटली, तो आवाज मात्र मला सहन झाला नाही.

जाताना ते पायरीवर थांबले. त्यांचं जहाजावरचं घड्याळ पुन्हा मागं पडतंय, दुरुस्तीला बरोबर आणलं होतं. पिशवीत हात घातला, माझ्याकडं पाहिलं, आणि ते तसंच परत नेलं.

दुपारी शिवगंगा डबा घेऊन आली. शिंप्यानं तिला वाटेतच सगळं सांगितलं होतं, तिखटमीठ लावून. तिनं डबा उघडला, पाणी ठेवलं.

"काय हो," ती म्हणाली, "पाळणा होता म्हणे?"

"होय. पाळणाच होता."

ती माझ्यापुढं बसली आणि तिनं स्वतःच्या हातानं मला पहिला घास भरवला, भर बाजारात, शिंप्यादेखत.